एनबीएमधला ट्रेड दोघांच्याही पथ्यावर पडला का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

८ फेब्रुवारी २०२२ रोजी एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स या संघांनी सहा खेळाडूंची अदलाबदल केली. टायरीस हॅलिबर्टन, बडी हील्ड आणि ट्रिस्टन थॉम्पसन इंडियानाला गेले. डोमांटास सबोनिस, जस्टिन हॉलिडे, जेरेमी लॅम्ब आणि ड्राफ्टच्या (संघ दरवर्षी आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, साधारणपणे तळाचे संघ आधी, त्या प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीतली एक निवड सॅक्रामेंटोला मिळाली. 'दोघांचाही फायदा झालेला ट्रेड' असा विषय निघाला की हल्ली पहिलं नाव याच ट्रेडचं येतं आणि सर्वात जास्त भांडणंही यावरच होतात. म्हणून खालची बरीचशी उत्तरं याच्याभोवती फिरतात. तो अपुरा पडतो तिथे दुसरे ट्रेड घेतले आहेत.

मी क्रिकेट बघतो, बास्केटबॉल नाही. एनबीएतला ट्रेड म्हणजे नेमकं काय?

एनबीएत खेळाडूचा लिलाव होत नाही. नवे खेळाडू ड्राफ्टमधून येतात, करार संपलेले मोकळे होऊन हव्या त्या संघाशी बोलणी करतात, आणि ज्यांचा करार चालू आहे त्यांना संघ एकमेकांत बदलू शकतात. बदलताना खेळाडूचा करार जसाच्या तसा त्याच्याबरोबर जातो. पगाराची मर्यादा असल्यामुळे दोन्ही बाजूंचे पगार साधारण जुळवावे लागतात. थोडी रोख रक्कम घालता येते, पण तिलाही मर्यादा आहे, त्यामुळे एखादा मोठा खेळाडू निव्वळ पैसे मोजून विकत घेणं जमत नाही. खेळाडूऐवजी पुढच्या वर्षांच्या ड्राफ्ट निवडीही देता येतात. बहुतेक खेळाडूंना यात विचारलंही जात नाही. सकाळी एका शहरात सरावाला गेलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या शहराच्या विमानात असतो.

हे दोन संघ ओळखीचे वाटतात. मुंबईत खेळले होते का?

हो. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये भारतातले पहिले एनबीए सामने झाले ते याच दोघांत. पहिला इंडियानाने जादा वेळेत १३२–१३१ असा जिंकला, दुसरा १३०–१०६ असा. सबोनिस तेव्हा इंडियानाच्या संघात होता आणि हील्ड सॅक्रामेंटोच्या. हॅलिबर्टन अजून आयोवामध्ये कॉलेजात खेळत होता. त्याला सॅक्रामेंटोने २०२०च्या ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर उचललं. किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. २०१३ पासून संघ त्यांच्याकडे आहे. मराठी माणसाला या ट्रेडमध्ये जरा जास्त रस असला तर त्यात नवल नाही.

एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचं नुकसान. मग दोघांचा फायदा होईलच कसा?

मैदानावर हे खरं आहे. एक जिंकतो, दुसरा हरतो. पण ट्रेडच्या टेबलावर दोघं एकाच वस्तूसाठी बसलेले नसतात.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सॅक्रामेंटोकडे दोन पॉइंट गार्ड (चेंडू हाताळून खेळ मांडणारे खेळाडू) होते, डिअ‍ॅरन फॉक्स आणि हॅलिबर्टन. दोघं गुणी, दोघं तरुण, आणि दोघांचाही खेळ चेंडू हातात असतानाच फुलणारा. एका घरात दोन कारभारी. शिवाय बास्केटखाली उभा राहून खेळ जोडणारा मोठा माणूस त्यांच्याकडे नव्हता. तिकडे इंडियानाकडे नेमकी उलट अडचण होती. सबोनिस आणि माइल्स टर्नर हे दोन उंच खेळाडू एकत्र खेळवताना जागेची गर्दी व्हायची, आणि संघाची सूत्रं पुढची दहा वर्षं सोपवावीत असा गार्ड कुणी दिसत नव्हता.

म्हणजे एकाकडे जे जादा होतं त्याचीच दुसऱ्याला टंचाई होती. अशा वेळी अदलाबदलीने दोन्हीकडची एकूण किंमत वाढू शकते, कारण तोच खेळाडू नव्या संघात जास्त उपयोगी ठरतो. त्यातच दोघांची घड्याळंही वेगळी होती. सॅक्रामेंटोला घाई होती, इंडियाना नव्याने मांडणी करायला तयार होती. घाई असलेला संघ तयार खेळाडूसाठी जास्त मोजतो आणि थांबायची तयारी असलेला संघ ते घेतो. यात कुणी कुणाला फसवलेलं नसतं.

एक गोष्ट मात्र खरी की तीस संघांत अजिंक्यपद एकच. दोघं सुधारले तर उरलेल्या अठ्ठावीस जणांपैकी कुणाच्या तरी ताटातला घास जातोच. पण तो हिशेब या दोघांनी का करावा?

ज्याला चांगला खेळाडू मिळाला तो जिंकला. एवढं साधं नाही का?

ही कसोटी अमेरिकेत फार जुनी आणि लोकप्रिय आहे, आणि बास्केटबॉलमध्ये ती पूर्ण चुकीचीही नाही. मैदानावर पाचच माणसं असतात, त्यामुळे एका असामान्य खेळाडूचं वजन क्रिकेट किंवा फुटबॉलपेक्षा खूप जास्त पडतं. चार बरे खेळाडू मिळून एक थोर खेळाडू होत नाही.

तरीही ही कसोटी एकच प्रश्न विचारते: कोण जास्त जिंकलं? दुसरा हरला का, हे ती सांगत नाही. हॅलिबर्टन आज सबोनिसपेक्षा वरचा खेळाडू आहे असं माझं स्पष्ट मत आहे. त्यावरून सॅक्रामेंटोचं नुकसान झालं असा निष्कर्ष काढायचा असेल, तर ट्रेड न करता सॅक्रामेंटोचं काय झालं असतं हे आधी मांडावं लागेल. हे जर-तर बहुतेक जण टाळतात, कारण त्याचं उत्तर गुणतक्त्यात सापडत नाही.

माझ्या वहीत म्हणून प्रत्येक संघापुढे दोन प्रश्न असतात. ट्रेडच्या दिवशी या संघाला काय हवं होतं, आणि ते मिळवायचा दुसरा कुठला रस्ता त्याच्यासमोर होता? दोन्ही संघांना हवं ते बऱ्यापैकी मिळालं आणि दुसरा रस्ता याहून बरा नव्हता, तर ट्रेड दोघांच्या पथ्यावर पडला. सारख्याच प्रमाणात पडला पाहिजे अशी अट मी घालत नाही.

मग सॅक्रामेंटोला नेमकं काय मिळालं?

२००६ नंतर सॅक्रामेंटो प्लेऑफमध्ये गेलाच नव्हता. सलग सोळा हंगाम. एनबीएच्या इतिहासात इतका लांब दुष्काळ दुसऱ्या कुठल्या संघाने पाहिलेला नाही. २०२१-२२ मध्ये ते ३० जिंकले, ५२ हरले.

पुढच्याच हंगामात ४८ विजय, ३४ पराभव आणि पश्चिम विभागात तिसरं स्थान. सामन्यामागे सरासरी १२०.७ गुण, लीगमध्ये सर्वाधिक. या आक्रमणाचा सांधा सबोनिस होता. तो फ्री-थ्रो रेषेच्या आसपास चेंडू घेऊन उभा राहायचा आणि त्याच्या अंगावरून फॉक्स किंवा केव्हिन हर्टर धावत येऊन हातातून चेंडू घ्यायचे. बचाव करणाऱ्याला सबोनिसच्या देहाला वळसा घालेपर्यंत उशीर झालेला असायचा. हर्टरला आणताना सॅक्रामेंटोने अटलांटाला जे दिलं त्यात जस्टिन हॉलिडे होता, म्हणजे या ट्रेडमधलं चिल्लरही कामी आलं. सबोनिस त्या वर्षी रिबाउंडमध्ये (नेम हुकल्यावर परतलेला चेंडू पकडण्यात) लीगमध्ये पहिला आला आणि पुढची दोन वर्षंही पहिलाच राहिला. तो आणि फॉक्स दोघं ऑल-एनबीए, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीतल्या, तिसऱ्या संघात निवडले गेले. माइक ब्राउन एकमताने वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले.

प्लेऑफच्या पहिल्या फेरीत गोल्डन स्टेटने त्यांना सात सामन्यांत हरवलं. सातव्या सामन्यात स्टेफ करीने ५० गुण केले; त्याला ट्रेड काय करणार? पण सोळा हंगामांच्या खंडानंतर त्या शहरात प्लेऑफचा सामना झाला. प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून आकाशात जांभळा झोत सोडायची प्रथा त्याच हंगामात सुरू झाली आणि अख्ख्या शहराची झाली. ज्या संघाला 'आधी प्लेऑफ तर गाठा' एवढंच मागणं होतं, त्याचं मागणं पुरं झालं.

आणि इंडियानाला?

त्यांना थांबावं लागलं. २०२१-२२ चा हंगाम २५–५७ असा संपला, पुढचा ३५–४७ असा. त्या दिवशी निकाल मागितला असता तर बहुतेकांनी सॅक्रामेंटोच्या बाजूने दिला असता.

नंतर चित्र पालटलं. २०२३-२४ मध्ये हॅलिबर्टन सामन्यामागे १०.९ असिस्टसह (सहकाऱ्याला बास्केट करून देणारे पास) लीगमध्ये पहिला आला आणि इंडियाना पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पोचली. २०२४-२५ मध्ये ५० विजय आणि २००० नंतर प्रथमच एनबीएची अंतिम फेरी. त्या प्लेऑफमध्ये हॅलिबर्टनने जे केलं ते बघितलेल्या माणसाला सांगायची गरज नाही. मिलवॉकी, क्लीव्हलँड, न्यू यॉर्क, प्रत्येकाविरुद्ध शेवटच्या क्षणांत एकेक घाव. अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात ओक्लाहोमा सिटीविरुद्ध ०.३ सेकंद उरले असताना विजयी बास्केट, १११–११०.

आकड्यांत न दिसणारे फायदेही झाले. सबोनिस गेल्यावर टर्नरला सेंटरची (बास्केटजवळच्या उंच खेळाडूची) जागा एकट्याला मिळाली, कोर्ट मोकळं झालं आणि प्रशिक्षक रिक कार्लाइल यांना हवा तो भन्नाट वेगाचा खेळ शक्य झाला. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या फेरीच्या तीन निवडी देऊन पास्कल सियाकमला आणायची हिंमत संघाने केली, तीही हॅलिबर्टन हाताशी होता म्हणूनच. इंडियानापोलिससारख्या शहरात मोठे तारे स्वतःहून येत नाहीत. असा खेळाडू घडवावा तरी लागतो किंवा कुणाकडून मागून घ्यावा लागतो.

पण किंग्ज पुन्हा घसरले. मग त्यांचा फायदा कुठे राहिला?

हा सर्वात जास्त येणारा आक्षेप आहे आणि त्यात दम आहे. २०२३-२४ मध्ये ४६ सामने जिंकूनही ते प्ले-इनमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीच्या लढतींत, बाद झाले. डिसेंबर २०२४ मध्ये ब्राउन यांना काढलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये फॉक्सच सॅन अँटोनियोला गेला. हंगाम ४०–४२.

ही घसरण कुणाच्या खात्यावर लिहायची? हॅलिबर्टनला सोडलं ते फॉक्सभोवती संघ बांधण्यासाठी, आणि तीन वर्षांनी फॉक्सही गेला. यामुळे २०२२ चा निर्णय हास्यास्पद वाटतो खरा. पण सबोनिसने आपलं काम चोख केलं होतं. पहिल्या यशानंतर बचाव सुधारणारे खेळाडू न आणणं, प्रशिक्षकाला घाईने काढणं, फॉक्सशी संबंध बिघडू देणं, हे सगळे नंतरचे वेगळे निर्णय आहेत. कर्ज काढून घेतलेली विहीर नंतर नीट राखली नाही म्हणून पाणी लागलंच नव्हतं असं म्हणता येत नाही.

तरीही एवढं मान्य करायला हवं की किंमत जबर होती. एकवीस वर्षांचा, हसतमुख, त्या गावावर जीव असलेला खेळाडू त्यांनी दिला. त्याच्याऐवजी फॉक्सला बाजारात काढलं असतं तर काय मिळालं असतं, हा प्रश्न सॅक्रामेंटोचे लोक अजून एकमेकांना विचारतात. माझा निकाल असा: दोघांचा फायदा झाला, इंडियानाचा बराच जास्त, आणि सॅक्रामेंटोचा खरा पण अल्पायुषी.

हॅलिबर्टनची दुखापत हिशेबात धरायची का?

२२ जून २०२५ रोजी अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात, पहिल्याच क्वार्टरमध्ये, त्याच्या उजव्या पायाचा अकिलीस स्नायुबंध तुटला. ओक्लाहोमा सिटीने तो सामना १०३–९१ असा जिंकला. पुढचा संपूर्ण हंगाम हॅलिबर्टन खेळणार नाही हे इंडियानाने उन्हाळ्यातच जाहीर करून टाकलं.

दोन हिशेब वेगळे ठेवावेत. निर्णय चांगला होता का, हा एक. पदरात काय पडलं, हा दुसरा. दुखापत दुसऱ्यात मोजावीच लागते, कारण विजय आणि पराभव खरे असतात. पहिल्यात ती तेव्हाच मोजायची जेव्हा ट्रेडच्या वेळी धोका दिसत होता. एकवीस वर्षांच्या निरोगी गार्डच्या बाबतीत तो दिसत नव्हता. याउलट २०१८ मध्ये टोरांटोने काव्हाय लेनर्डला घेतलं तेव्हा त्याने आधीच्या हंगामात जेमतेम नऊ सामने खेळले होते. तिथे धोका किमतीतच धरलेला होता.

नशीब उलट्या बाजूनेही लागतं ना? डॅलसचं काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने आपला सर्वात मोठा तारा लुका डॉन्चिच लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे दिला आणि बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि पहिल्या फेरीतली एक निवड घेतली. आठच महिने आधी हाच संघ अंतिम फेरीत होता. ट्रेडनंतर घसरण झाली, प्लेऑफ हुकला, आणि मग अवघी १.८ टक्के शक्यता असताना ड्राफ्टची लॉटरी (पहिली निवड कुणाची हे ठरवणारी सोडत) त्यांनाच लागली. पहिल्या क्रमांकावर कूपर फ्लॅग मिळाला.

हे श्रेय ट्रेडला देणारे लोक भेटतात. त्यांच्याशी वाद घालायला मी जात नाही, एवढंच सांगतो की १.८ टक्क्यांवर बेतलेल्या योजनेला योजना म्हणत नाहीत. ट्रेड करणारे व्यवस्थापक निको हॅरिसन यांना डॅलसने नोव्हेंबर २०२५ मध्ये घरी पाठवलं. फ्लॅग तेव्हा त्यांच्याच संघात होता.

ट्रेडच्या रात्री जे 'ग्रेड' दिले जातात ते कितपत खरे?

वाचायला मजा येते. त्या रात्रीचं लोकमत काय होतं याचा पुरावा म्हणून ते जपून ठेवण्यासारखे असतात. निकाल म्हणून नाहीत.

दोन उदाहरणं पुरेत. १ फेब्रुवारी २००८ ला मेम्फिसने पाऊ गॅसोल लेकर्सना दिला, तेव्हा मेम्फिस लुटलं गेलं असं सगळीकडे म्हटलं गेलं. बदल्यात आलेल्यांपैकी क्वामी ब्राउनचं नाव मोठं होतं आणि कर्तृत्व लहान. पण त्यात पाऊचा धाकटा भाऊ मार्क याला करारबद्ध करण्याचे हक्कही होते. आदल्या वर्षी ड्राफ्टमध्ये ४८ व्या क्रमांकावर उचललेला आणि स्पेनमध्येच खेळणारा हा मुलगा कुणाच्या खिजगणतीत नव्हता. लेकर्सनी २००९ आणि २०१० ची अजिंक्यपदं जिंकली. मार्क २०१३ मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि त्याच वर्षी मेम्फिसने पश्चिम विभागाची अंतिम फेरी गाठली. थट्टेचा विषय झालेला ट्रेड दोघांचाही होऊन बसला.

दुसरं, जुलै २०१७. इंडियानाने पॉल जॉर्ज ओक्लाहोमा सिटीला दिला आणि व्हिक्टर ओलाडिपो व सबोनिस घेतले. 'एवढ्यावर सोडला?' असा सूर होता. पुढच्याच हंगामात ओलाडिपो ऑल-स्टार आणि सर्वाधिक प्रगती केलेला खेळाडू ठरला.

करार आणि पगार एवढे महत्त्वाचे का?

कारण पगाराची मर्यादा असलेल्या लीगमध्ये तुम्ही खेळाडू घेत नाही, करार घेता. ट्रेडच्या हंगामात हॅलिबर्टनचा पगार सुमारे ४० लाख डॉलर होता. पहिल्या फेरीतल्या नवख्यांचे पगार ठरलेल्या कोष्टकानुसार असतात आणि चार वर्षं संघाच्या ताब्यात राहतात. म्हणजे इंडियानाला पुढची दोन वर्षं मोठ्या खेळाडूचा खेळ किरकोळ पैशांत मिळणार होता. हील्डचा करार दोन कोटी डॉलरच्या वरचा होता. पगार जुळवताना तोच उपयोगी पडला.

नंतर दोघंही महाग झाले. २०२३ च्या उन्हाळ्यात हॅलिबर्टनने पाच वर्षांच्या कमाल कराराची मुदतवाढ घेतली, सबोनिसने पाच वर्षांसाठी सुमारे २१ कोटी ७० लाख डॉलरची. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२३ च्या नव्या कामगार करारात खर्चिक संघांवर कडक बंधनं आली. सर्वात वरच्या मर्यादेपलीकडे गेलेल्या संघाला दोन-तीन पगार एकत्र करून मोठा खेळाडू घेता येत नाही. त्यामुळे हल्ली एखादा ट्रेड मैदानावर फायद्याचा आणि हिशेबाच्या वहीत गळफास असंही घडतं.

'विन शेअर्स'सारखे आकडे बेरजेला घेतले तर निकाल लागणार नाही का?

सुरुवात करायला ते बरे. संघाच्या विजयांची खेळाडूंमध्ये वाटणी करण्याचा तो एक अंदाज असतो. पण सबोनिससारख्या भरपूर रिबाउंड आणि भरपूर मिनिटं असलेल्या सेंटरला असे आकडे धार्जिणे असतात, आणि प्लेऑफमध्ये विरोधी संघ त्याच्या बचावातली उणीव हेरून तिथेच चढाई करतो हे ते नीट पकडत नाहीत. टर्नरला मोकळी झालेली जागा कुठल्या रकान्यात लिहिणार? आणि नियमित हंगामातला विजय व जूनमधल्या अंतिम फेरीतला विजय यांची किंमत एकच कशी? आकडे घ्या, पण सामने बघा.

ड्राफ्ट निवडी अजून वापरल्याच गेल्या नसतील तर त्यांची किंमत कशी धरायची?

शक्यता म्हणून. ट्रेडच्या दिवशी ती निवड साधारण कितव्या क्रमांकावर पडेल असं वाटत होतं, तिच्यावर काही संरक्षण आहे का (म्हणजे ती फार वरची निघाली तर मूळ संघाकडेच राहते का), आणि ती किती वर्षांनी येणार आहे, एवढं बघावं.

पाठ्यपुस्तकात घालावा असा धडा २०१३ चा. ब्रुकलिनने बोस्टनकडून केव्हिन गार्नेट, पॉल पिअर्स आणि जेसन टेरी घेतले. दिलं काय, तर २०१४, २०१६ आणि २०१८ च्या पहिल्या फेरीच्या निवडी आणि २०१७ मध्ये बोस्टनने आपली निवड देऊन ब्रुकलिनची घेण्याचा हक्क. ब्रुकलिनने प्लेऑफची एकुलती एक फेरी जिंकली आणि मग संघ कोसळला. तो कोसळला म्हणूनच त्या निवडी सोन्याच्या झाल्या. २०१६ च्या निवडीतून जेलन ब्राउन आला. २०१७ च्या हक्काने पहिला क्रमांक हाती आला, तो दोन पायऱ्या खाली विकून बोस्टनने जेसन टेटम घेतला. हे दोघं २०२४ मध्ये अजिंक्यपद जिंकले. म्हाताऱ्या खेळाडूंसाठी दूरच्या, असंरक्षित निवडी देणारा संघ आपल्याच पडझडीवर पैज लावत असतो.

लागोपाठच्या दोन वर्षांतली पहिल्या फेरीची निवड देऊन रिकामं होता येत नाही असा एक नियम आहे. ऐंशीच्या दशकात क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी निवडी इतक्या उधळल्या की लीगला तो करावा लागला. आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

एका ट्रेडमधून दुसरा, त्यातून तिसरा. साखळी कुठवर मोजायची?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न. नियम म्हणून मी पहिल्या पायरीवर थांबतो: ट्रेडमध्ये आलेला खेळाडू पुढे विकला गेला तर त्याची त्या वेळची बाजारातली किंमत धरायची, पुढच्या चतुराईचं श्रेय पुढच्या व्यवहाराला द्यायचं. पण मोह आवरत नाही, कारण साखळ्या फार सुरस असतात.

पॉल जॉर्जचंच घ्या. इंडियानाने २०१७ मध्ये तो दिला आणि सबोनिस घेतला; सबोनिसचा २०२२ मध्ये हॅलिबर्टन झाला. ओलाडिपोचा कॅरिस लव्हर्ट झाला, आणि लव्हर्टला क्लीव्हलँडकडे देऊन मिळालेल्या निवडींतून अँड्र्यू नेम्बहार्ड आणि बेन शेपर्ड आले. तिकडे ओक्लाहोमा सिटीने तोच जॉर्ज २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या दुसऱ्या संघाला, क्लिपर्सना, दिला आणि शाई गिल्जस-अलेक्झांडरसह पहिल्या फेरीच्या निवडींचा ढीग घेतला. त्यातल्या एका निवडीतून जेलन विल्यम्स आला. आता २०२५ ची अंतिम फेरी आठवा. एका बाजूला हॅलिबर्टन आणि नेम्बहार्ड, दुसऱ्या बाजूला गिल्जस-अलेक्झांडर आणि विल्यम्स. दोन्ही संघांचे कणे एकाच माणसाला देऊन उभे राहिलेले, आणि तो माणूस स्वतः तेव्हा फिलाडेल्फियात. क्लिपर्सना सोडताना त्याचा करार संपलेला होता, त्यामुळे त्यांना बदल्यात काहीच मिळालं नाही.

लेनर्डची साखळी अजून संपलेलीच नाही. २०१८ मध्ये सॅन अँटोनियोने तो टोरांटोला दिला. आलेल्यांत याकोब पोल्टल होता. २०२३ मध्ये पोल्टल टोरांटोला परत गेला आणि पहिल्या फेरीची एक निवड आली. ती २०२४ मध्ये आठव्या क्रमांकावर पडली आणि सॅन अँटोनियोने ती मिनेसोटाला देऊन २०३१ ची निवड घेतली. फॉक्सला आणताना त्यांनी २०२५ मध्ये सॅक्रामेंटोला जे दिलं त्यात ही २०३१ ची निवडही होती.

टोरांटो–सॅन अँटोनियो ट्रेड मग दोघांचा फायदा म्हणायचा का?

टोरांटोचा निर्विवाद. लेनर्ड एकच हंगाम राहिला, २०१९ चं अजिंक्यपद देऊन गेला, आणि तिथे कुणी त्याबद्दल कुरकुर करत नाही. सॅन अँटोनियोची बाजू मध्यम. डिमार डिरोझन तीन हंगाम चांगला खेळला, पण सलग २२ प्लेऑफची परंपरा २०२० मध्ये तुटली. पहिल्या फेरीच्या निवडीतून केल्डन जॉन्सन मिळाला. लेनर्डला तिथे राहायचंच नव्हतं हे लक्षात घेतलं, म्हणजे दुसरा रस्ता विचारला, की निकाल 'ठीक' इथपर्यंत येतो.

खेळाडूंचा फायदा कुणी मोजतं का?

क्वचित. हॅलिबर्टनने नंतर उघड सांगितलं की त्याला सॅक्रामेंटो सोडायचं नव्हतं; आज त्याच्या कारकिर्दीकडे बघून कुणी त्याची कीव करणार नाही. डिरोझनने टोरांटोला नऊ वर्षं दिली आणि तो गेल्यावर वर्षाच्या आत संघ अजिंक्य ठरला. संघांच्या ताळेबंदात याला रकाना नाही. माझ्या मते नसला तरी चालेल, फक्त 'दोघांचा फायदा' म्हणताना तिसरा पक्ष होता याचा विसर पडू नये.

आयपीएलच्या ट्रेडला हीच पट्टी लावता येईल?

अर्धवट. तिथे मोठा लिलाव झाला की बहुतेक पत्ते पुन्हा पिसले जातात, त्यामुळे दहा वर्षांच्या साखळ्या तयार होत नाहीत, आणि देण्याजोग्या ड्राफ्ट निवडीही नसतात. हार्दिक पांड्या २०२४ च्या हंगामाआधी गुजरातहून मुंबईकडे आला तो खेळाडूच्या बदल्यात नव्हे. त्या हंगामात मुंबई दहाव्या आणि गुजरात आठव्या स्थानावर राहिली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये संजू सॅमसन चेन्नईला आणि रवींद्र जडेजा व सॅम करन राजस्थानला गेले, तो एनबीएच्या धाटणीचा सौदा होता: गरजा वेगळ्या, वयं वेगळी.

निकाल किती वर्षांनी लावावा?

मुख्य खेळाडूंचे ट्रेडच्या वेळचे करार संपेपर्यंत थांबावं असं मी धरतो. हॅलिबर्टन–सबोनिसच्या बाबतीत दोघांचेही ते करार २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत होते. तोवर सॅक्रामेंटोचा दुष्काळ संपला होता आणि इंडियाना विभागाच्या अंतिम फेरीत पोचली होती. त्यानंतरचं, हॅलिबर्टनचे २०२५ च्या प्लेऑफमधले घाव धरून, दोघांनी नव्याने दिलेल्या पैशांचं आणि नव्याने घेतलेल्या निर्णयांचं फळ आहे. हे मोजमाप मान्य नसलेले इंडियानाचे चाहते मला रोज भेटतात, आणि त्यांना २०२५ सोडून द्या असं सांगायची माझी छाती होत नाही.